माळावरचे गुरू आणि परतल्यावरचा प्रश्न

मुलाने चार भिंतींबाहेर, माळावर, ओढ्याकाठी किंवा रानात स्वतःच्या कुतूहलाच्या मागे जात शिकावे, काय पाहायचे आणि कुठे थांबायचे हे त्यानेच ठरवावे, आणि मोठ्या माणसाने तेथे सोबती व राखणदार म्हणून असावे पण पाठ नेमून देऊ नये, ही शिक्षणाची रीत येथे 'बालप्रेरित निसर्गशिक्षण' या नावाने अभिप्रेत आहे. तिची चर्चा बहुधा बालमानसशास्त्राच्या अंगाने होते, म्हणजे मुलाचे लक्ष किती टिकते, शरीर किती चपळ होते, भीती किती कमी होते, अशा प्रश्नांभोवती ती फिरते. या रीतीच्या मुळाशी मात्र एक जुना धार्मिक प्रश्न आहे आणि तो भारतीय परंपरेने फार पूर्वीच, तोही बऱ्याच धिटाईने, मांडलेला आहे: मनुष्यगुरूवाचून केवळ सृष्टीकडून ज्ञान मिळू शकते काय, आणि मिळाले तर ते ज्ञानच आहे हे कोणी ठरवायचे?

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्याच्या भूमीवरून विचारण्यास एक विशेष कारण आहे. परंड्याचे नाव इतिहासात येते ते प्रामुख्याने तेथील भुईकोट किल्ल्यामुळे, कारण 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवले ते याच ठाण्यात. मराठी धर्मविचाराच्या दृष्टीने तालुक्याचे मोठेपण किल्ल्याइतकेच दोन मठांमध्येही आहे. सीना नदीच्या काठावरच्या डोमगावात समर्थ रामदासांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. समर्थांनी शिवथरच्या घळीत सांगावे आणि कल्याणांनी लिहून घ्यावे अशा रीतीने दासबोध सिद्ध झाला असे संप्रदाय मानतो, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 मध्ये दासबोधाची जी आवृत्ती प्रसिद्ध केली तिला डोमगावच्या मठातील प्रतीचा आधार होता. दुसरा मठ खुद्द परंडा गावातला, एकोणिसाव्या शतकातील हंसराजस्वामींचा. 'चूडालाख्यान' हे वनात घडणाऱ्या ज्ञानोपदेशाचे आख्यान त्यांनी मराठीत आणले.

डोमगावच्या बाजूने पाहिले तर प्रश्नाचे उत्तर वरवर सरळ दिसते. दासबोधाचा पाचवा दशक सद्गुरूवाचून ज्ञान नाही या निश्चयाने सुरू होतो, आणि ज्या शिष्याने तो ग्रंथ हाताने लिहून काढला त्याचे सारे चरित्रच गुरुसेवेचे चरित्र म्हणून सांगितले जाते. पण त्याच ग्रंथाचा सोळावा दशक उघडला तर तेथे सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा यांवर एकेक स्वतंत्र समास आहे, आणि त्यांतील निरूपण कोरड्या तत्त्वगणनेत न अडकता डोळे उघडे ठेवून हिंडलेल्या माणसाच्या पाहण्यावर उभे आहे. गुरूला अपरिहार्य मानणारा ग्रंथ सृष्टीलाही इतकी जागा देतो, तेव्हा या दोहोंचे नाते 'हे किंवा ते' असे नसावे, अशी शंका येथेच येऊ लागते.

सृष्टीला थेट गुरू म्हणणारा प्रसिद्ध आधार भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. तेथे यदुराजाला एक अवधूत भेटतो. अवधूत म्हणजे वर्ण, आश्रम, घर, वेष यांची सर्व बंधने झटकून मोकळा हिंडणारा विरक्त. दत्तसंप्रदाय या अवधूतात दत्तात्रेयांनाच पाहतो. एवढा समर्थ असून लहान मुलासारखा निश्चिंत हिंडणाऱ्या तुला ही बुद्धी कोठून आली, असे यदू विचारतो, आणि अवधूत चोवीस गुरू सांगतो: पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला नावाची गणिका, कुरर पक्षी, बालक, कुमारी, बाण घडवणारा कारागीर, साप, कोळी आणि भिंगुरटी. या यादीत मंत्र देणारा, दीक्षा देणारा किंवा शिष्य म्हणून स्वीकारणारा एकही नाही. आपण हे गुरू स्वतःच्या बुद्धीने केले, असे अवधूत स्पष्टपणे सांगतो. म्हणजे गुरूने शिष्य निवडण्याची जी नेहमीची रीत, ती येथे पूर्ण उलटली आहे. निवड शिकणाऱ्याची आहे, आणि ज्याची निवड झाली त्याला आपण गुरू झाल्याचा पत्ताही नाही.

पैठणच्या एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात या प्रसंगाचा विस्तार करताना एक महत्त्वाची भर घातली आहे. ज्याचा गुण घेतला तो गुरू झालाच, पण ज्याच्याकडे पाहून एखादा अवगुण टाकावासा वाटला तोही गुरूच, असे दोन्ही प्रकार ते मान्य करतात, आणि त्यामुळे गुरुपदाला मर्यादा उरत नाही व सारे जग गुरू दिसू लागते. परंडा तालुक्याच्या माळावर याचे उदाहरण शोधण्यास फार हिंडावे लागत नाही. चोचीत मांसाचा तुकडा धरलेल्या कुरराला इतर पक्षी टोचतात आणि तुकडा टाकताच तो सुटतो, हे अवधूताने सांगितलेले दृश्य गावाबाहेर घारी आणि कावळे यांच्यामध्ये कोणत्याही मुलाला दिसू शकते. मात्र मुलाला त्यातून अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करण्याचे व्रत, दिसेलच असे नाही. घारीला बळ कमी पडले, किंवा कावळे मिळून चालले तर घारीलाही हटवतात, असाही अर्थ त्याला सुचेल, आणि पाहण्याच्या दृष्टीने तो अर्थ खोटा नाही. सृष्टी दृश्य देते, त्याचा अर्थ सोबत देत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही की निसर्गशिक्षणाविषयीचे पुष्कळसे लेखन भाबडे होते.

चोवीस गुरूंतील बालकाचा निर्देश या विषयाला सर्वांत जवळचा आहे. मान-अपमान न जाणणारे आणि घरादाराची चिंता नसलेले मूल पाहून आपण तसे हिंडू लागलो, असे अवधूत सांगतो. पण लगेच पुढे भागवत एक भेद करते की चिंतामुक्त दोघेच, एक काही न जाणणारे मूल आणि दुसरा गुणांच्या पलीकडे गेलेला ज्ञानी. दोघांचे सुख बाहेरून सारखे दिसते, तरी पहिल्याचे मूळ अज्ञानात आहे आणि दुसऱ्याचे ज्ञानात. युरोपात रूसोने 1762 मध्ये 'एमिल' लिहिल्यापासून बालकाच्या निसर्गदत्त निर्मळपणावर जी श्रद्धा वाढली, जी फ्रोबेलच्या बालोद्यानात आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या वनातील बालवाड्यांत वेगवेगळ्या रूपांनी दिसते, तिच्यात हा भेद पुष्कळदा पुसट होतो. भागवत बालकाला गुरू करते, पण त्याला ज्ञानी ठरवत नाही. एवढा विवेक पाळला तर मुलाच्या कुतूहलाचा मान राखताना त्याच्या प्रत्येक निष्कर्षापुढे मान तुकवण्याची गरज उरत नाही.

यादीतला शेवटचा गुरू, भिंगुरटी, या ठिकाणी अधिक विचार करायला लावतो, कारण तेथे खुद्द परंपरेचेच पाहणे अपुरे ठरले आहे. भिंगुरटी म्हणजे मातीचे घरटे बांधणारी गांधीलमाशीच्या जातीची माशी, जिला बोलीत कुंभारीण म्हणतात. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांच्या तुळयांवर आणि पडक्या भिंतींच्या सांध्यांत तिची मडक्यासारखी किंवा नळीसारखी घरटी हमखास आढळतात. ती एका अळीला आणून आत कोंडते, अळी भयाने तिचेच अखंड चिंतन करते आणि त्या चिंतनाने स्वतः भिंगुरटी होऊन बाहेर पडते, अशी समजूत भागवताच्या काळीही होती, आणि ज्याचे ध्यान करावे तद्रूप व्हावे या सिद्धान्तासाठी हा दृष्टान्त वेदान्ताच्या ग्रंथांतून शतकानुशतके वापरला गेला. प्रत्यक्षात माशी अळीला डंख मारून लुळी करते, तिच्याजवळ अंडे घालते, घरटे लिंपून टाकते आणि अंड्यातून निघालेला माशीचा डिंभ त्या जिवंत पण हालचाल न करणाऱ्या अळीला खाऊन वाढतो; अशा माश्यांची शिकार मेलेली नसून लुळी पडलेली असते, हे फ्रान्समधील कीटकनिरीक्षक फाब्र यांनी 1855 मध्ये दाखवले. जी अळी आत गेली ती बाहेर आलीच नाही.

यावर दोन घाईची उत्तरे संभवतात. दृष्टान्त खोटा ठरला म्हणून सिद्धान्तही गेला, हे एक. आणि दृष्टान्त केवळ समजावण्यासाठी असतो, त्याची खातरजमा करण्याचे कारण नाही, हे दुसरे. पहिले उत्तर तर्काला धरून नाही, कारण चिंतनाने चित्त घडते हे अनुभवाने तपासता येण्याजोगे विधान माशीवर अवलंबून नाही. पण दुसरे उत्तर त्याहून अधिक हानिकारक आहे, कारण ते सृष्टीला गुरू म्हणते आणि तिचे पूर्ण ऐकून घेण्यास नकार देते. एखाद्या मुलीने काडीने ते मातीचे घरटे उकरून आतली लुळी अळी आणि तिला चिकटलेला पांढरा डिंभ पाहिला, तर अवधूताची रीत तिने अवधूतापेक्षा एक पाऊल पुढे नेली असेच म्हणावे लागेल. आणि तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्याने वा गुरुजींनी तिला ग्रंथाच्या नावाने गप्प केले, तर अनादर ग्रंथाचाच होईल, कारण स्वतःच्या बुद्धीने गुरू करावा हे त्याच ग्रंथात लिहिलेले आहे.

मनुष्यगुरूचे काम कोणते, या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील सत्यकाम जाबालाच्या कथेत मिळते. हारिद्रुमत गौतमाने सत्यकामाचे उपनयन केले आणि त्याला पाठ देण्याऐवजी चारशे रोडक्या, दुबळ्या गाई हवाली केल्या. हजार झाल्याशिवाय परतणार नाही असे म्हणून तो त्या घेऊन निघाला आणि अनेक वर्षे रानात राहिला. हजार पूर्ण झाल्यावर कळपातल्या बैलाने त्याला ब्रह्माचा एक पाद, म्हणजे चौथा भाग, सांगितला. पुढचे तीन परतीच्या वाटेवर अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणबुडा पक्षी यांनी सांगितले. शंकराचार्य भाष्यात बैलात वायुदेवता शिरली होती, हंस म्हणजे आदित्य आणि मद्गू म्हणजे प्राण, असे अर्थ लावतात. भाष्यकाराला त्यामागे कारण असेलही, पण बैलाला बैल म्हणून बोलू देण्याचा जो संकोच या अर्थामागे जाणवतो तो मूळ कथेत नाही.

सत्यकाम घरी येतो तेव्हा आचार्य त्याच्या मुखावरचे तेज पाहून, तुला कोणी शिकवले, एवढेच विचारतात. मनुष्यांहून वेगळ्यांनी, असे तो सांगतो, आणि तरीही आपणच मला सांगावे अशी विनंती करतो, कारण आचार्याकडून कळलेली विद्याच सर्वोत्तम ठरते असे त्याने ऐकलेले असते. मग आचार्य त्याला तेच सांगतात आणि त्यातून काही उणे राहत नाही. कथेचे मर्म या पुनरुक्तीत आहे. आचार्यांनी नवे काही दिले नाही, आणि रानात मिळालेले खोटे आहे असेही म्हटले नाही; त्यांनी विचारले, ऐकले आणि जे मिळाले ते ओळखले. बालप्रेरित शिक्षणात शिक्षकाचे स्थान शोधायचे तर ते येथे आहे. मूल माळावर असताना त्याच्या वाटेत न येणे हा त्याचा निम्मा भाग झाला. ते परतल्यावर काय पाहिलेस, कशावरून म्हणतोस, पुन्हा जाऊन पाहिलेस का, असे विचारणारा कोणी घरी असणे हा उरलेला निम्मा. यदूनेही अवधूतासाठी हेच केले होते. त्याने विचारले नसते तर चोवीस गुरू असूनही एकाचेही नाव जगाला कळले नसते.

हंसराजस्वामींनी मराठीत आणलेले चूडालेचे आख्यान याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. ते मूळचे योगवासिष्ठातले. शिखिध्वज राजा राज्य सोडून मंदर पर्वताच्या वनात पर्णकुटी बांधून तप करतो, आणि त्याच्या आधीच घरी राहून ज्ञान मिळवलेली राणी चूडाला कुंभ नावाच्या ब्राह्मणकुमाराच्या रूपात येऊन त्याला विचारते की तुझा सर्वत्याग झाला का. राज्य टाकले, या उत्तरावर ती समाधान मानत नाही. तो वनाची आसक्ती टाकतो, मग कुटी, आसन, कमंडलू अग्नीत टाकतो, तरीही ती तेच विचारते, आणि शेवटी चित्ताचा त्याग राहिला होता हे त्याला कळते. वनात जाऊनही वन त्याला शिकवू शकले नाही, कारण त्याने ते नवे राज्य म्हणून वसवले होते. शहरी पालक भरपूर शुल्क भरून शनिवार-रविवारी मुलांना 'निसर्गात' नेऊन आणतात आणि त्या अनुभवाची नोंद कौशल्यांच्या यादीत करतात, तेव्हा शिखिध्वजाच्या कुटीची आठवण होणे अस्थानी ठरू नये. उलट चूडालेला महालातच ज्ञान झाले, म्हणून स्थळाचे माहात्म्य गाणाऱ्यांनी हे आख्यान एकदा नजरेखालून घालावे.

महाराष्ट्रात या रीतीचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग झाला तो मौजेसाठी नव्हे, गरजेपोटी. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नाहीत असे दिसल्यावर ती गुरांमागे कुरणात नेली, हीच कुरणशाळा. मॉन्टेसोरी पद्धतीची महाग साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे, पाने यांवर मोजणी आणि वर्गीकरण शिकवले गेले. सत्यकामाच्या कथेतील गाई राखणारा विद्यार्थी येथे प्रत्यक्ष उभा होता, फरक एवढाच की त्याने कळप हजार होईपर्यंत थांबावे असे कोणी म्हटले नाही; विचारणारी बाईच त्याच्यामागे कुरणात गेली.

त्या प्रयोगात आणखी एक बारकावा होता आणि परंपरेच्या कथांमध्ये तो नाही. अवधूत हिंडतो, सत्यकाम हिंडतो, शिखिध्वज वनात जातो. चोवीस गुरूंतील कुमारी मात्र घरात पाहुण्यांसाठी साळी कांडत असते आणि काकणांचा आवाज होऊ नये म्हणून एकेक काकण उतरवून प्रत्येक हातात एकच ठेवते. अवधूत तिच्याकडून एकांत शिकतो, पण तिला कांडण टाकून बाहेर जाता आले असते का, हे कोणी विचारत नाही. ताराबाई-अनुताईंनी विकासवाडी म्हणून जी रचना केली तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणण्याचे कारण हेच होते की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली मोठी बहीण त्याशिवाय मोकळी होत नव्हती. मुलाच्या स्वातंत्र्याचा विचार करताना ते कोणाच्या श्रमावर उभे आहे, हे पाहिल्याशिवाय तो विचार पुरा होत नाही.

परंडा, भूम, वाशी या पट्ट्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या भागातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि बरोबर मुलेही जातात. त्यांचे महिनोन्‌महिने उघड्यावर, फडात, पाचटाच्या कोपीत जातात. बाहेर असणे एवढ्यानेच शिक्षण होत असेल तर या मुलांइतकी शिकलेली मुले महाराष्ट्रात दुसरी नसावीत. त्यांना पुष्कळ कळते, हे खरेच: उसाची जात, जनावराच्या पायाचा थकवा, थंडीत पहाटेचे वारे कोठून येते. पण त्यांनी काय पाहिले हे परतल्यावर विचारण्याची सोय हजेरीपटात नाही. गैरहजर हा एकच शेरा तेथे असतो, आणि 'परिसर अभ्यास' या नावाच्या विषयात त्यांचा परिसर बहुधा येत नाही. सरकारी दप्तरात जसा माळ 'पडीक' म्हणून लिहिला जातो आणि त्यावरची टिटवी, चंडोल, तरवड, पवना यांची दखल राहत नाही, तशीच या ज्ञानाचीही नोंद राहत नाही.

आणि नुसते मोकळे सोडण्यातला धोका उपनिषदांना ठाऊक होता, हे सत्यकामाच्याच पुढच्या कथेवरून दिसते. तो स्वतः आचार्य झाल्यावर उपकोसल नावाचा विद्यार्थी त्याच्या घरी बारा वर्षे अग्नी सांभाळतो. इतरांना निरोप मिळतो, त्याला मिळत नाही. याने तप केले आहे, याला सांगा, असे आचार्यपत्नी नवऱ्याला म्हणते, पण तो काही न सांगता प्रवासाला निघून जातो. बैलाकडून शिकलेल्या माणसाला कदाचित वाटले असावे की यालाही कोणीतरी सांगेल. उपकोसल दुःखाने अन्न सोडतो. पुढे अग्नी खरोखरच त्याला उपदेश करतात, सत्यकाम परत येऊन गौतमाचाच प्रश्न विचारतो, आणि अग्नींनी सांगितलेले अपुरे होते ते पुरे करतो; म्हणजे शेवट चांगलाच होतो. परंतु अग्नी बोलण्याच्या आधी, त्या रिकाम्या घरात, तू जेवत का नाहीस असे त्याला विचारणारी एकच व्यक्ती होती, ती आचार्यपत्नी, आणि तिचे नाव उपनिषदाने दिलेले नाही.